जेठांचा कुत्रा आणि आमची चार

आमच्या घरी तेव्हा चार कुत्री होती आणि माझ्या मोठ्या जेठांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, त्यातलं एकही आवडत नसे. माणसांची नावं मी इथं घेणार नाही, आणि माणसांची घ्यायची नाहीत तर कुत्र्यांची तरी कशाला. सगळ्यांत थोरली काळी. तिचे दोन लेक, एक तांबडा आणि एक ठिपक्याठिपक्यांचा बांडा. चौथी लहानशी कुत्री पांढरकवड्याच्या जिनिंग कारखान्यापासून आमच्या बैलबंडीमागं चालत आली होती. अंगभर रुई चिकटली असेल म्हणून सासूबाईंनी तिला आंघोळ घातली, तर ती मुळातच पांढरी निघाली.

केळापूरच्या अलीकडे आमचं गाव. घरात सासूबाई, मी, माझा नवरा आणि आमची दोन लेकरं. शेतात कापूस, तूर आणि जमेल तसं सोयाबीन. कुत्र्यांची व्यवस्था सासूबाईंकडे होती. सकाळी भाकरीचे तुकडे ताकात कुस्करून त्या चार ठिकाणी वाढायच्या. चारही पात्रं वेगवेगळी, कारण बांडा आपलं संपवून आईच्या पात्रात तोंड घालायचा. काळी त्याच्यावर कधी गुरकावली नाही. सासूबाईच गुरकावायच्या. "लाज नाही वाटत का रे, मायच्या तोंडचा घास खातं?" असं त्या त्याला रोज विचारायच्या आणि तो रोज शेपटी हलवायचा.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडला की लोक कापूस घरात ठेवायचे, आज ना उद्या वाढेल म्हणून. आमची पुढची खोली खिडकीपर्यंत कापसानं भरलेली असे आणि आम्ही सगळे ओसरीवर आणि स्वयंपाकघरात राहत असू. घरात कापूस असला की त्यातले किडे अंगावर येतात, खाजवून खाजवून कातडीची साल निघते. लेकरं शाळेत खाजवत बसायची. मास्तर काही म्हणत नसत, कारण मास्तरही खाजवत असायचे.

बाहेरून गाड्या यायच्या त्या दिवसांत. शहरातली माणसं उतरायची, कर्जापायी कोणाच्या घरी कोणी जीव दिला म्हणून विचारायची आणि त्या घरी जायची. आमच्या घरचं कोणी गेलं नव्हतं, म्हणून आमच्या दारात कोणी थांबलं नाही. आम्हाला विचारायला येणारा माणूस एकच होता, तो घरचाच.

मोठे जेठ याच शेतातल्या कापसावर शिकले आणि पुण्याला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेले. शिकले याचं मला काही नाही. पण गाडीतून उतरताना त्यांची बोलीही बदलून यायची. आईशी बोलताना 'मले-तुले' नाही, 'मला-तुला'. 'काहून' नाही, 'का बरं'. ओसरीवरच्या खुर्चीवर बसायच्या आधी ते रुमाल अंथरत. ज्या ओसरीवर ते लहानपणी नागडे रांगले, तिथं रुमाल. मी डोक्यावर पदर घेऊन पाणी द्यायची. पदराचा एक फायदा असतो. आतलं तोंड कसं झालंय ते बाहेर दिसत नाही.

त्या दिवाळीला ते जेवायला बसले होते. सासूबाई अंगणात कुत्र्यांना वाढत होत्या. जेठांनी घास हातातच ठेवला.

"आई, काय चाललंय हे?" ते म्हणाले. "या जिल्ह्यात माणसं मरतायत आणि तुम्ही चार-चार कुत्र्यांना दूध घालताय?"

"ताक व्हय ते," सासूबाई म्हणाल्या.

"ताक काय, दूध काय. मुद्दा लक्षात घे. लोक काय म्हणतील?"

माझा नवरा कमी बोलणारा माणूस. तो ताटातून मान वर न करता म्हणाला, "कोन म्हनते, भाऊ? ज्यायच्या घरचं मानूस गेलं ना, त्यायचीबी दोन कुत्री हायेत. रातच्याले वावरात जागलीले आपल्याच कुत्र्यायसंग फिरतेत."

जेठांना हे ऐकू आलं नाही. त्यांना आपल्या बोलण्याशिवाय फारसं काही ऐकू यायचं नाही. मग त्यांनी प्राधान्यक्रम, जाणीव, समाज असे बरेच शब्द वापरले, आणि तोंडी लावायला तिसऱ्यांदा ठेचा मागून घेतला. जाऊबाई शेजारी बसून भाताची शितं निवडत होत्या. त्यांना आमचा भात जाड वाटायचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरा काढला. पुण्यात त्यांना नवा छंद लागला होता. त्यांनी बोंडं फुटलेल्या पऱ्हाटीचे फोटो काढले, बंडीचे काढले, कापसानं भरलेल्या खोलीचे काढले. मग सासूबाईंकडे वळले. सासूबाई दाराच्या चौकटीत बसून काळीच्या कानातले गोचीड काढत होत्या. काळी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. सासूबाईंना जवळचं नीट दिसत नसे, म्हणून त्या कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून, ओठ मुडपून शोधत होत्या. एक मोठा गोचीड खोल रुतून बसला होता आणि निघता निघत नव्हता. जेठांनी तोच फोटो काढला.

"माह्या कायले काढतं?" त्या म्हणाल्या. "काढाचा त लुगडं बदलून येतो."

"नको, नको. असंच राहू दे," जेठ म्हणाले.

पुढं काही महिन्यांनी जाऊबाईंचा फोन आला. कुठल्याशा सभागृहात जेठांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं आणि सासूबाईंचा फोटो सगळ्यांत मोठा करून मधोमध टांगला होता. लोक त्यापुढं थांबत होते म्हणे. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली लिहिलं होतं, कापसाच्या मुलखातली आई. जाऊबाई कौतुकानं सांगत होत्या, "सगळे म्हणत होते, काय वेदना आहे हो त्या डोळ्यांत!"

मी विचारलं, "अन् काळी?"

"काळी कोण?"

"मांडीवरची कुत्री."

"अगं, ती नाही घेतली फोटोत. कापली ती खालून. ती असती तर परिणाम गेला असता."

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना आधी कळेना. पुण्याच्या लोकांना कशाचं रडू आलं ते त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. "त्यायले सांग म्हनाव, तो गोचीड निंगाला शेवटी," त्या म्हणाल्या. पण संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाल्या, "लुगडं बदलू द्यायले पाह्यजे होतं त्यानं. इतक्या लोकायसमोर फाटकं दिसलं असंन." मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून जेठांबद्दल माझ्या मनात जे होतं ते घट्ट झालं, आणि ते पातळ करायचा मी कधी प्रयत्न केला नाही.

ज्या माणसाला आमची चार कुत्री जास्त वाटत होती, त्यानं पाचवा आणून सोडला.

जेठांच्या मुलीला परदेशात बाळ होणार होतं. जेठ आणि जाऊबाई दोघंही तिकडं जाणार होते. त्यांच्याकडे एक लॅब्राडोर होता, पिवळसर, रुंद डोक्याचा, नंदीसारखा भरलेला. त्याच्याबद्दल आम्ही नुसतं ऐकून होतो. पुण्यात त्याला ठेवायला जागा होती, पण तिथं पैसे पडतात आणि शिवाय, जेठ म्हणाले, त्याला 'घरपण' मिळणार नाही. आईकडे घरपण मिळेल. हे बोलताना त्यांना मागची दिवाळी आठवली असेल असं चेहऱ्यावरून वाटलं नाही. मी मुद्दाम बघत होते.

गाडीतून आधी त्याची गादी उतरली. मग उशी, दोन वाट्या, एक ब्रश, दाणेदार खाण्याची गोणी आणि रबराचं हाड. शेवटी तो स्वतः उतरला. आमची चारही जणं ओळीनं उभी राहून बघत होती. तांबड्यानं भुंकायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं तसलं काही आधी पाहिलंच नव्हतं.

जेठांनी माझ्या नवऱ्याला सूचना दिल्या. दुपारी पंखा लावायचा. पाणी उकळून गार करून. भाकरी अजिबात नको, त्याचं पोट नाजूक आहे. आणि या गावठी कुत्र्यांत मिसळू द्यायचं नाही.

"बरं," माझा नवरा म्हणाला.

"पंखा विसरू नकोस."

"लाइन असली त लावतो," तो म्हणाला. त्या काळात आमच्याकडे वीज दिवसाची जास्त वेळ नसायचीच. जेठांना ते माहीत असायला हवं होतं.

गाडी वळणाआड गेली आणि पाहुणा कापसाच्या खोलीत शिरला. कोणी सांगितलं नाही, दाखवलं नाही. त्यानं एकच उडी मारली आणि तो छातीपर्यंत कापसात बुडाला, मग डोकं वर काढून आमच्याकडे बघायला लागला. त्याच्या नाकावर, भुवयांवर, जिभेवर रुई. लेकरं हसून हसून लोळली. सासूबाई झाडू घेऊन धावल्या, पण मारायचं त्यांच्या हातून झालं नाही. "पाह्य बाप्पा, म्हातारा झाला एका उडीत," एवढंच म्हणाल्या.

गोणीतलं खाणं संपल्यावर भाकरीच आली. नाजूक पोटाचं काय झालं ते मला माहीत नाही. तो तुरीच्या वरणात कुस्करलेली भाकर खायचा, उन्हाळ्यात पडलेले आंबे खायचा, एकदा गुरांच्या कोठ्यात शिरून सरकीची ढेप खाल्ली आणि दिवसभर पोट धरून पडला. मिसळू नका म्हटलं होतं तेही जमलं नाही. तो बांड्यामागं शेतात जायचा, ओढ्यात बसायचा, चिखल घेऊन घरी यायचा. त्या गादीवर शेवटी काळी झोपायला लागली. म्हातारीच्या हाडांना बरं वाटत असावं. तो तिच्या शेजारी खाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर पोट टेकून पडायचा, आणि पंख्याची त्याला कधी आठवण झाली नाही.

खरं सांगायचं तर तो फार लाघवी होता. मला त्याचा राग करायचा होता, तो जेठांचा म्हणून. जमलं नाही. मी वेचणीहून आले, डोक्यावरचं गाठोडं खाली टाकलं की तो माझ्या पायावर बसायचा. अख्खा बसायचा, त्यामुळं मलाही बसावंच लागायचं. लग्न होऊन त्या घरी आल्यापासून मला बस म्हणणारा तो पहिलाच, असं मी एकदा नवऱ्याला म्हटलं. दुसऱ्या दिवशी चहा त्यानं केला. अगदी पाणचट होता.

काही दिवस म्हणून ठेवलेला कुत्रा वर्ष उलटलं तरी आमच्याकडेच होता. परदेशातून फोन यायचे. जेठ फोन त्याच्या कानाला लावायला सांगायचे आणि तिकडून त्याच्याशी बोलायचे. बाळासारखं बोलायचे. सासूबाई शेजारी उभ्या असायच्या, आपल्याला कधी देईल फोन म्हणून. बऱ्याचदा तोवर त्यांचं फोनचं कार्ड संपायचं.

मग एक दिवस गाडी आली. जेठ उतरले, जाऊबाई उतरल्या. आम्हाला आधी कळवलं नव्हतं. सासूबाईंचं तोंड पडलं. त्या त्याला ओढ्यावरून बोलवायला स्वतः गेल्या नाहीत, लेकराला पाठवलं.

माझ्या मनात काय होतं ते सांगते. मला वाटत होतं, तो जाणार नाही. माझ्या पायावर येऊन बसेल, गुरकावेल, कापसात लपेल, आणि जेठांना आमच्या अंगणात, आमच्या चार गावठी कुत्र्यांसमोर, हात हलवत परत जावं लागेल. कुत्र्याच्या इमानाच्या गोष्टी मीही ऐकलेल्या होत्या.

तो चिखलानं भरलेला आला, जेठांना बघितलं आणि सुसाट सुटला. त्यांच्या छातीवर दोन्ही पाय ठेवून त्यानं तोंड चाटलं, गळ्यातली सोनसाखळी चाटली, शर्टाचं वाटोळं केलं. गाडीचं दार उघडलं तसा उडी मारून आत बसला. बस, इतकंच. मागं वळून बघितलं नाही. खिडकीतून जीभ बाहेर काढून तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता. बांडा फाट्यापर्यंत गाडीमागं धावला.

"पाहिलंत?" जेठ माझ्याकडे बघून म्हणाले. "रक्ताचं नातं नसलं तरी मालक तो मालक."

मी पदर पुढं ओढला. त्या क्षणी मला दोघांचीही सारखीच घृणा आली, मालकाची आणि कुत्र्याची. सासूबाई आत जाऊन भाकरी करायला बसल्या. सवयीनं पाच पात्रांची केली. पाचवी वाटणी बांड्यानं खाल्ली.

पुण्याला तो टिकला नाही. हे जाऊबाईंकडूनच कळलं. तो सोफा उकरायचा, लिफ्टमध्ये येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकायचा, दाणेदार खाण्याला तोंड लावायचा नाही, दारात वाळवण दिसलं की त्यात लोळायचा. सोसायटीच्या लोकांनी तक्रार केली. मग त्याला खाली गाड्या ठेवतात तिथं खांबाला बांधलं. फोनवर जेठ माझ्या नवऱ्याला बोलत होते, मोठ्यानं, मला शेजारी ऐकू येत होतं.

"बिघडवलात तुम्ही त्याला. शिस्त लावलेला कुत्रा होता. आता कोणीतरी फार्महाउसवाला बघतोय, त्याला देऊन टाकतो."

"मी येतो न्यायले," माझा नवरा म्हणाला.

"तू? इतक्या लांब? कशानं नेशील?"

"आनतो कसाबी."

ऐन वेचणीचे दिवस होते. तो कधी कामाच्या दिवसात घराबाहेर गेला नव्हता, स्वतःच्या दाढदुखीसाठीसुद्धा नाही. पण गेला. येताना सरकी उतरवून रिकामा परत येणारा आपल्याकडचा ट्रक त्याला मिळाला आणि दोघंही मागं ताडपत्रीवर बसून आले. कुत्रा हाडकला होता. गळ्याला साखळीचा वळ होता. ट्रकमधून उतरल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे आला नाही, सासूबाईंकडेही नाही. सरळ ओसरीवर गेला आणि बांड्याचं पात्र चाटूनपुसून साफ केलं. सासूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "खाऊ द्या. भुकेला हाय लेकरू." मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंही नाही.

माझ्या नवऱ्याला मी विचारलं, भाऊ काय म्हणाले? तो पाय धूत होता.

"काही नाही. खाली आला नाही भाऊ. वाचमनाजवळ साखळीची चाबी ठेवलती."

त्यानंतर तो आमच्याकडेच राहिला. पुढच्या दिवाळीला जेठ आले तेव्हा पुन्हा तेच झालं. कुत्रा धावला, उडी मारली, तोंड चाटलं. जेठांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यांच्यासोबत पुण्याहून आलेले एक मित्र होते, त्यांना ते म्हणाले, "बघा, विसरला नाही. एवढं सगळं झालं तरी विसरला नाही. म्हणून मी म्हणतो, माणसांपेक्षा मुकी जनावरं बरी."

सासूबाई कापसाच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गॅसवाल्यालेबी असाच चाटते तो."

मित्रांना हसू आवरेना. जेठही हसले, म्हाताऱ्या आईचा विनोद म्हणून. मग उडी मारताना कुत्र्याचा पाय त्यांच्या चष्म्याला लागला, चष्मा खाली पडला आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अबे, कायले मराले येतं बे अंगावर!" अगदी गावचं. कित्येक वर्षांनी ते मी ऐकलं. लगेच त्यांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसत पुण्याच्या भाषेत हवामानाविषयी बोलायला लागले.

काळी त्याच हिवाळ्यात गेली, गादीवरच. पांढरी रस्त्यावर गाडीखाली आली. जेठांचा कुत्रा पुढची काही वर्षं जगला, शेवटी मागच्या पायांनी अधू झाला. माझा नवरा त्याला उचलून ओसरीखाली उतरवायचा आणि पुन्हा उचलून आणायचा. तो कुत्रा आणि तांबडा एकाच उन्हाळ्यात गेले. दोघांना शेताच्या धुऱ्यावर, बांधालगत पुरलं.

जेठांना कळवायचं की नाही यावर घरात वाद झाला. सासूबाईंनी कळवायला लावलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, मी उचलला. ते रडत होते. ढोंग नव्हतं ते, मोठ्यानं, नाक ओढत रडत होते. मी ऐकत उभी राहिले आणि माझ्या मनात काही हललं नाही. खाली वाचमनाकडे किल्ली ठेवली होती तेव्हा ते वर काय करत होते, एवढंच मला विचारावंसं वाटलं. "आईशी बोला," म्हटलं, फोन सासूबाईंच्या हातात दिला आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.